औषधाचा हिशेब : वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांतील औषध-सुरक्षितता

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक खुलासा करणे मी माझे कर्तव्य समजतो. मी डॉक्टर नाही, औषधनिर्माताही नाही. वाणिज्य शाखेचा एक सामान्य पदवीधर आहे आणि गेली चाळीस वर्षे पेठेत कापडाचे दुकान चालवीत आहे. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. परंतु अध्यक्ष महोदय म्हणाले, "तुमच्या मातोश्रींच्या बाबतीत जे घडले ते सांगा, आणि त्यातून तुम्ही जे शिकलात ते सांगा. बाकीचे डॉक्टर मंडळी सांगतील." या आज्ञेला मान देऊन मी आपणांसमोर उभा आहे. आपला ट्रस्ट सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजातील वृद्धांसाठी शुश्रूषा केंद्र उभारण्याचा विचार करीत आहे, म्हणूनही हे बोलणे मला अगत्याचे वाटते.

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की खासगी डॉक्टरांचे लहान रुग्णालय डोळ्यांसमोर येते. मी मात्र आज ज्या संस्थांविषयी बोलणार आहे त्या निराळ्या. ज्यांना घरी सांभाळणे कठीण झाले आहे, जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे किंवा ज्यांची मुले परगावी-परदेशी आहेत, अशा वृद्धांना जेथे महिनोन् महिने ठेवले जाते ती निवासी शुश्रूषा केंद्रे. मोठ्या शहरांतून अशी केंद्रे आता बरीच झाली आहेत आणि पुढे वाढतच जाणार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. आज ती त्याहून पुष्कळ अधिक आहे.

आता माझ्या आईची हकिकत सांगतो. २०१६ साली, वयाच्या ८४ व्या वर्षी, ती न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्यानंतर दोन महिने व्यायाम व शुश्रूषा चांगली व्हावी म्हणून आम्ही तिला शहरातील एका खासगी शुश्रूषा केंद्रात ठेवले. त्या केंद्राचे नाव मी घेणार नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नव्हता. तेथे पोहोचवताना मी दोन गोष्टी त्यांच्या स्वाधीन केल्या. एक, रुग्णालयाने दिलेली नवी औषधे व कागद. दुसरी, घरातील तिच्या जुन्या औषधांची कापडी पिशवी. 'काही कमी पडायला नको' एवढाच माझा हेतू होता.

आईला मधुमेह होता. घरच्या पिशवीत मधुमेहाची एक जोडगोळी होती, त्यात ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन ही दोन औषधे एकत्र होती. रुग्णालयाने तीच दोन औषधे वेगवेगळ्या गोळ्यांच्या रूपाने, दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहून दिली होती. पाकिटांचे रंग वेगळे, नावे वेगळी, आतले औषध तेच. केंद्रातील सेविकांनी प्रामाणिकपणे दोन्ही दिली. त्यात आणखी एक भर. आईचा रात्रिभोजनत्याग होता. ती सूर्यास्तापूर्वी थोडेसे जेवत असे आणि मग सकाळपर्यंत पाणीही घेत नसे. केंद्रात मात्र संध्याकाळची औषधे वाटण्याची वेळ रात्री आठची होती. आई औषध नाकारीत असे. मग मीच फोनवर तिला म्हणालो, "आई, औषधापुरते चालते, घे." तिने माझा शब्द मानला. म्हणजे साखर उतरवणारी गोळी दुप्पट, आणि तीही उपाशीपोटी.

आठ-दहा दिवस ती सकाळी मलूल असे, घामाघूम होई, काही विचारले तर विसंगत बोले. सेविका म्हणत, "आजींचे वय झाले आहे, शस्त्रक्रियेचा शीण आहे." आम्हीही तेच मानले. एके दिवशी पहाटे ती हाक मारूनही उठेना. साखर तपासली तर अवघी ३८ निघाली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तासाभराने तिने डोळे उघडले. त्याच दिवशी माझ्या धाकट्या भावाच्या सुनेने, तिचे औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण झाले आहे, सर्व पाकिटे टेबलावर मांडली आणि मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचून ती मला म्हणाली, "काका, ही दोन्ही औषधे एकच आहेत."

बंधूंनो, त्या वाक्याने मला जी लाज वाटली ती आजही गेलेली नाही. दुकानातील प्रत्येक ताक्याची आवक-जावक मी रोज रात्री जुळवतो. रोजमेळात चार रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत दिवा मालवत नाही. आणि ज्या आईने मला पाढे शिकवले तिच्या औषधांची यादीसुद्धा मी कधी करून पाहिली नव्हती. सुदैवाने आई त्यातून वाचली आणि पुढे तीन वर्षे आमच्यात राहिली. परंतु त्या पहाटेनंतर तिची स्मृती पूर्वीसारखी झाली नाही. ते वयामुळे झाले की त्या गोळ्यांमुळे, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. हा प्रश्न मला सोबत घेऊनच जगायचे आहे.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारू लागलो. तेव्हा कळले की हा केवळ आमच्या घरचा प्रश्न नाही. २००९ साली इंग्लंडमधील ५५ वृद्ध-निवासांतील २५६ व्यक्तींच्या औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. प्रत्येकाला सरासरी आठ औषधे चालू होती, आणि दहांपैकी सात जणांच्या बाबतीत औषधाची किमान एक चूक आढळली. या सर्वच चुका घातक नव्हत्या, हे सांगितले पाहिजे. परंतु विशेष गोष्ट अशी की चूक एकाच ठिकाणी नव्हती. लिहून देताना, दुकानातून देताना, प्रत्यक्ष पाजताना आणि नंतर तपासण्या करताना, अशा प्रत्येक पायरीवर ती होती. गोळ्या वाटणाऱ्या सेविकेला मध्येच कोणी हाक मारणे, डॉक्टरांना रुग्णाची पूर्ण माहिती नसणे, एकाने दुसऱ्याला न कळवणे, अशी त्याची साधी कारणे होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली 'औषधांपासून अपाय नको' या अर्थाची जागतिक मोहीम सुरू केली आणि तीन ठिकाणी विशेष लक्ष देण्यास सांगितले. जोखमीची औषधे व जोखमीचे प्रसंग, एकाच वेळी अनेक औषधे घेणे, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. माझ्या आईच्या बाबतीत ही तिन्ही एकत्र आली होती. २०२२ साली १७ सप्टेंबरचा जागतिक रुग्णसुरक्षा दिनही याच विषयाला वाहिलेला होता.

वृद्धांच्या बाबतीतच हा प्रश्न एवढा गंभीर का? डॉक्टरांनी मला सोप्या शब्दांत समजावले ते असे. वय वाढते तसे मूत्रपिंडाचे काम मंदावते, म्हणून औषध शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. शरीरातील पाण्याचा अंश घटतो, चरबीचा वाढतो, त्यामुळे काही औषधे अंगात अधिक काळ साचून राहतात. मेंदू औषधांना अधिक संवेदनशील होतो. म्हणून चाळिशीतील माणसाला जी मात्रा मानवते ती ऐंशीच्या माणसाला जड होऊ शकते. झोपेच्या गोळ्यांनी वृद्ध तोल जाऊन पडतात. सर्दीच्या साध्या गोळीतील क्लोरफेनिरामिनने त्यांना भ्रम होऊ शकतो, लघवी अडू शकते. अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेतल्याने मूत्रपिंडाला व जठराला इजा होते, आणि रक्तदाबाची औषधे चालू असतील तर धोका वाढतो.

याचसाठी अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञ डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ साली, नेमक्या अशा शुश्रूषा केंद्रांतील रहिवाशांसाठी, शक्यतो टाळावयाच्या औषधांची यादी तयार केली. तिची सुधारित आवृत्ती २०२३ साली निघाली. त्या देशात शुश्रूषा केंद्रातील प्रत्येक रहिवाशाच्या सर्व औषधांचा दरमहा औषधनिर्मात्याकडून आढावा घेण्याचा नियम १९७४ पासून आहे. आपण वाणिज्याच्या भाषेत ज्याला लेखापरीक्षण म्हणतो, तेच हे.

आणखी एक साखळी डॉक्टरांनी सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन दिले. त्याने काहींच्या पायांवर सूज येते. सूज पाहून दुसऱ्याने लघवीची गोळी दिली. त्याने पोटॅशियम उतरले, रात्री वारंवार उठावे लागले, आणि अंधारात आजोबा पडले. पडल्यावर दुखण्यासाठी आणखी एक गोळी आली. पहिल्याच टप्प्यावर 'ही सूज औषधाची तर नव्हे?' एवढे कोणी विचारले असते तर साखळी तेथेच तुटली असती. म्हणून वृद्धाला काही नवीन त्रास सुरू झाला की 'वय झाले' म्हणण्यापूर्वी मागील महिन्यात कोणते औषध नवे सुरू झाले ते पाहावे. माझ्या आईच्या बाबतीत आम्ही हेच केले नाही.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने काही गोष्टी सांगतो. पहिली, नावांची. आमच्या धंद्यात एका नावाखाली दुसरा माल गेला तर गिऱ्हाईक फसते, पण जीव जात नाही. औषधांची नावे इतकी सारखी असतात की २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन औषध कंपन्यांच्या वादात, औषधांच्या नावातील साम्याकडे इतर मालापेक्षा अधिक कडकपणे पाहिले पाहिजे, असा निर्वाळा दिला. वैद्यक परिषदेनेही २०१६ साली डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, वाचता येईल अशा व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असे सांगितले. म्हणून आपण यादी करताना कंपनीच्या नावासोबत मूळ औषधाचे नाव लिहिलेच पाहिजे. ते प्रत्येक पाकिटावर छापलेले असते.

दुसरी गोष्ट मापाची. वार आणि मीटर यांतील घोळ आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिला. तसाच घोळ इन्सुलिनमध्ये आजही होतो. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनमधील १०० युनिटचे. सुयाही दोन मापांच्या मिळतात, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी टोपीची. १०० चे इन्सुलिन चुकून ४० च्या सुईत भरले तर मात्रा अडीचपट होते. ज्या केंद्रात दहा मधुमेही आहेत तेथे ही चूक होण्यास एक धांदलीची सकाळ पुरे आहे. तशीच गोष्ट मेथोट्रेक्सेटची. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज दिले गेले तर प्राणघातक ठरू शकते. अशा औषधावर 'फक्त सोमवार' असे ठळक लिहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट गोळ्या कुटण्याची. गिळता येत नाही म्हणून गोळ्या कुटून दुधातून देण्याची पद्धत सर्रास आहे. परंतु ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा सीआर अशी अक्षरे असतात, ती दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की बारा किंवा चोवीस तासांचे औषध एकदम अंगात उतरते. कुटण्यापूर्वी डॉक्टरांना वा औषधनिर्मात्याला विचारणे आवश्यक आहे.

आता आपल्या समाजापुरत्या दोन-तीन गोष्टी, ज्या बाहेरच्या डॉक्टरांच्या लक्षात येत नाहीत आणि आपण संकोचाने सांगत नाही. आपल्या वृद्धांपैकी अनेकांचा रात्रिभोजनत्याग आहे, पर्युषणात व दशलक्षण पर्वात उपवास-एकाशने असतात. हे व्रत लपवून औषध घेणे किंवा औषध लपवून व्रत करणे, दोन्ही घातक आहे. केंद्रात दाखल करतानाच ही माहिती लिहून द्यावी आणि डॉक्टरांकडून वेळा बदलून घ्याव्यात. बहुतेक औषधांची व्यवस्था दिवसा करता येते. आईच्या त्या प्रसंगानंतर डॉक्टरांनी पाच मिनिटांत तिचे वेळापत्रक तिच्या व्रतानुसार बसवून दिले. ते काम आम्ही आधी सांगितले असते तर पहिल्या दिवशीच झाले असते. उपवासाच्या दिवशी साखरेच्या व लघवीच्या गोळ्यांचे काय करायचे, हे मनाने ठरवू नये.

दुसरे, कॅप्सूलचे. बहुतेक कॅप्सूलचे वेष्टण जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. त्यामुळे काही वृद्ध कॅप्सूल उशीखाली ठेवतात, काही ती उघडून आतील दाणे चावून खातात. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. दाणे चावल्याने औषधाचा उपयोग जातो किंवा अपाय होतो. वनस्पतिजन्य वेष्टणाच्या कॅप्सूल मिळतात, अनेकदा तेच औषध गोळीच्या रूपातही असते. सेविकेने रागावण्याऐवजी 'औषध नाकारले' अशी नोंद करून डॉक्टरांना कळवावे, म्हणजे मार्ग निघतो. तिसरे म्हणजे, घरगुती चूर्णे, काढे व इतर पद्धतींची औषधे हीसुद्धा औषधेच आहेत. ती यादीत आली पाहिजेत.

यावर उपाय काय? माझ्या अल्पमतीनुसार आपल्या नियोजित केंद्रासाठी मी काही सूचना मांडतो.

एक, दाखल होताना, रुग्णालयातून परत येताना आणि घरी जाताना, अशा तिन्ही वेळी सर्व औषधांची एकच यादी करावी. मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कोणी दिले. 'कशासाठी' या रकान्यात ज्या औषधापुढे काही लिहिता येत नाही, त्याविषयी डॉक्टरांना विचारावे. जुनी पिशवी नातेवाइकांकडे परत द्यावी.

दोन, प्रत्येक रहिवाशाची स्वतंत्र औषध-नोंदवही असावी. औषध पाजल्यावर लगेच सही व्हावी, आधी नव्हे आणि संध्याकाळी एकदम नव्हे. दिले नाही तर का दिले नाही तेही लिहावे.

तीन, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे, मेथोट्रेक्सेट, डिगॉक्सिन अशी जोखमीची औषधे वेगळ्या कपाटात असावीत आणि दोन व्यक्तींनी पाहिल्याशिवाय दिली जाऊ नयेत. रोख ज्याच्या हाती त्याच्याच हाती वही देऊ नये, हा हिशेबशास्त्राचा पहिला धडा येथेही लागू आहे.

चार, औषधे वाटणाऱ्या व्यक्तीला त्या अर्ध्या तासात दुसरे कोणतेही काम सांगू नये. फोन नाही, दाराची घंटा नाही.

पाच, दर महिन्याला औषधनिर्मात्याने आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांनी प्रत्येकाची संपूर्ण यादी तपासावी. अनावश्यक औषध कमी करणे हेही उपचारच आहेत. मात्र कोणतेही औषध नातेवाइकांनी स्वतःच्या मनाने बंद करू नये. काही औषधे एकदम थांबवल्यानेही अपाय होतो.

सहा, चूक कबूल करणाऱ्यास शिक्षा नसावी. सेविकेला नोकरी जाण्याची भीती असेल तर ती चूक लपवील, आणि लपलेली चूक पुन्हा घडेल. औषधाचा दुष्परिणाम झाल्यास तो केंद्र शासनाच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवता येतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक असून रुग्णाचे नातेवाईकही कळवू शकतात.

या सहाही गोष्टींना फार मोठा खर्च नाही. लागते ते प्रशिक्षित परिचारिका आणि अर्धवेळ औषधनिर्माता यांचे नियमित वेतन. येथे मी विश्वस्त मंडळास नम्रपणे एक स्पष्ट विनंती करतो. इमारतीसाठी देणगी मिळणे सोपे असते, कारण खोलीवर, पाण्याच्या टाकीवर, जिन्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. परिचारिकेच्या पगारावर पाटी लागत नाही. म्हणून बांधकाम निधी गोळा करण्यापूर्वी या वेतनासाठी कायम ठेव निधी उभारावा, आणि तो पुरेसा होईपर्यंत वीसऐवजी दहाच खाटांचे केंद्र सुरू करावे. काही विश्वस्तांना हा विचार पटणार नाही, याची मला कल्पना आहे. परंतु ज्या खाटेवरील व्यक्तीला कोणती गोळी दिली हे आपण सांगू शकत नाही, ती खाट घालण्याचा आपणांस अधिकार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्या निधीत माझ्या कुटुंबाच्या वतीने आईच्या स्मरणार्थ पहिली रक्कम मी आजच कार्यालयात जमा केली आहे. तिला पाटी नको.

आपल्या परंपरेत चार दानांमध्ये औषधदानाला स्थान आहे. आजवर आपण औषधदान म्हणजे औषधे विकत घेऊन देणे असा अर्थ घेत आलो. योग्य औषध, योग्य व्यक्तीला, योग्य मात्रेत आणि योग्य वेळी पोहोचले तरच ते दान पूर्ण होते. निष्काळजीपणातूनही हिंसा घडते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने औषध पारखून देण्यास शिकावे, यात अवघड काय आहे?

शेवटी एवढीच विनंती. आज घरी गेल्यावर आपल्या आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची सर्व औषधे एकदा टेबलावर मांडा. चष्मा लावा, पाकिटाच्या मागचे मूळ नाव वाचा, आणि कागदावर उतरवून काढा. एकच नाव दोनदा आले, तर उद्याच डॉक्टरांना फोन करा. मला हे कोणी २०१६ मध्ये सांगितले असते तर फार बरे झाले असते.



जय जिनेंद्र!